सचिन शाळेकडूनच खेळत होता: होमस्कूलिंगच्या त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात तो मेसेज मला चार ग्रुपवर आला, दोन मैत्रिणींनी तर "खास तुझ्यासाठी" म्हणून वेगळा पाठवला, कारण मी माझ्या मुलीला तीन वर्षं घरीच शिकवतेय. मेसेज थोडक्यात असा: शाळा इंग्रजांनी कारकून बनवायला काढल्या, एडिसन, आइन्स्टाईन, टागोर, सचिन यातलं कोणी शाळेमुळे मोठं झालं नाही, घरी दोन तासांत सगळा अभ्यास होतो, फी वाचते, कायदा आड येत नाही, दहावी केव्हाही बाहेरून देता येते, आणि एकदा काढलं की मूल परत शाळेचं नाव घेत नाही, तेव्हा आजच दाखला काढा. मी होमस्कूलिंगच्याच बाजूची आहे आणि तरी मला राग आला, कारण हे वाचून कोणी खरंच दाखला काढला तर भोगणार ते लेकरू.

आधी नावं बघू. सचिन आणि कांबळीची 664 ची भागीदारी 1988 ची, हॅरिस शील्डमधली, म्हणजे शाळांच्या स्पर्धेतली, शारदाश्रमकडून खेळताना झालेली! आइन्स्टाईनने स्वित्झर्लंडमध्ये शाळा पूर्ण केली आणि मग झुरिकला शिकायला गेला. टागोरांना शाळा सोसली नाही हे खरं, पण घरी शिकवायला मास्तर यायचे, आणि 1901 मध्ये शांतिनिकेतनात त्यांनी स्वतः शाळाच काढली. एडिसनला आईने घरी शिकवलं, ती आधी शिक्षिका होती, हे मेसेजवाल्याने गाळलंय.

कारकुनांचं म्हणाल तर इंग्रजी शिक्षणाची बाजू घेणारं, इंग्रज अधिकारी मेकॉलेचं 1835 चं टिपण मलाही माहितीये. पण शाळेचा इतिहास म्हणजे फक्त मेकॉले का? 1848 मध्ये भिडेवाड्यात जोतिबा आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती कारकुनांसाठी नव्हती, आणि 1917 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं तेही कारकुनांसाठी नव्हतं. माझी आजी लहानपणी घरीच होती, तिला शाळेत पाठवलंच नाही, आणि शेवटपर्यंत ती बँकेत अंगठा लावायची. ज्या घरात दोन पिढ्यांपूर्वी हे झालंय तिथे शाळेला असं सरसकट नावं ठेवताना माझी तरी जीभ रेटत नाही.

आता दोन तास. पुस्तकाचा अभ्यास दोन-अडीच तासांत होतो, खोटं नाही, पण उरलेला दिवस कोण सांभाळतं? आमच्याकडे कपाटाचं काम चालू होतं, सुतारकाकांच्या मागे मागे फिरून लेकीने टेप वाचायला शिकून घेतलं, आठ सूत म्हणजे एक इंच, दोन सूत म्हणजे पाव इंच, धडाधड सांगायची, मी खूश की अपूर्णांक झाले. मग वहीत तीन अष्टमांश अधिक एक चतुर्थांश लिहून दिलं तर तिने चार बारांश लिहिलं, वर वर बेरीज, खाली खाली बेरीज! सूत आणि वही यांची गाठ घालायला मला दीड महिना लागला, रोज, तिचा मूड बघून, माझा राग गिळून. त्या दीड महिन्याला मेसेजमध्ये जागा नाही.

फी वाचते, हो. पण मी अकाउंट्सचं काम सोडलं तो पगार त्या फीच्या कितीतरी पट होता, आणि बहुतेक घरात नोकरी सोडते ती आईच. तिला विचारून ठरवा, गृहीत धरून नको.

कायदा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 10 सांगतं की 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य आहे. न घातल्यास पालकांना शिक्षा त्यात लिहिलेली नाही आणि म्हणून लोक घरी शिकवतात, पण "आड येत नाही" आणि "परवानगी आहे" यात फरक आहे, तो माहीत असून मी हा रस्ता धरलाय.

आणि दहावी "केव्हाही" नाही हो. एनआयओएसच्या, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयाच्या दहावीला वय 14 पूर्ण लागतं. राज्य बोर्डाच्या 17 नंबर फॉर्मला, म्हणजे बाहेरून बसायच्या अर्जाला, शाळा सोडल्याचा दाखला मागतात, म्हणून काढलेला दाखला जपून ठेवा. मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरण सगळे देतात, घरी शिकली, इन्फॉर्मॅटिक्स ऑलिम्पियाडची, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धेची तीन पदकं, 2016 मध्ये थेट अमेरिकेतलं एमआयटी. पण बारावी नसल्यामुळे तिला आयआयटीचं दार बंद होतं, हा अर्धा भाग फॉरवर्ड होत नाही. आपल्या मुलाकडे ती पदकं असतीलच असं धरून चालायचं का?

राहिलं ते "परत शाळेचं नाव घेत नाही". माझी लेक घेते. दुपारी साडेबाराला कोपऱ्यावर स्कूल व्हॅन थांबते तेव्हा ती हातातलं सोडून गॅलरीत जाते, मुलं उतरून पांगेपर्यंत उभी असते. त्याच कायद्याचं कलम 4 सांगतं की सहा वर्षांवरच्या मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश द्यायचा, म्हणून मार्चमध्ये आम्ही दोघी जवळच्या शाळेत जाऊन आलो, तिने सहावीचा वर्ग बघितला, बाकावर बसली, मधल्या सुट्टीत किती वेळ मिळतो ते बाईंना विचारलं. जूनपर्यंत ठरवते म्हणालीये. मी वह्या दोन्हीकडे चालतील अशा आणून ठेवल्यात.