मॉरिशस 'छोटा भारत' नाही

महाशिवरात्र जवळ आली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरू लागतो. मॉरिशस म्हणजे छोटा भारत, मारीच राक्षसावरून त्याला हे नाव पडलं, तिथले मूळ रहिवासी हिंदूच, गंगा तलावात जमिनीखालून गंगेचं पाणी येतं आणि तिथे सगळे हिंदी बोलतात. तो पुढे पाठवणाऱ्यांचा अभिमान मी समजू शकते. पण ज्यांच्या कष्टांवर हा देश उभा राहिला, त्यांनाच हा मजकूर पुसून टाकतो, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं.

नावाचं थोडक्यात सांगते. १५९८ मध्ये डच खलाशी बेटावर उतरले आणि त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिसचं नाव त्याला दिलं. मारीचाचा संबंध नाही.

मूळ रहिवासी? कुणीच नव्हते. डोडो पक्षी होता, माणूस नव्हता. डचांनी आणि १७१५ नंतर फ्रेंचांनी मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून माणसं गुलाम करून आणली. त्यातले जे पळाले ते नैर्ऋत्येच्या ल मोर्न डोंगराच्या कड्याकपारीत लपून राहिले. त्यांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत, आणि आपण म्हणतो की बेट आधीपासून आपलंच! १८३५ मध्ये गुलामगिरी संपली. उसाच्या मळ्यांना हात हवे होते, म्हणून त्याच्या आदल्या वर्षापासूनच, १८३४ ते १९२० या काळात, पाच लाखांच्या आसपास गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, राजधानी पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. आज तो आप्रवासी घाट म्हणून जपला आहे. बहुतेक भोजपुरी मुलखातले, शिवाय तमिळ, तेलुगू आणि मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणी मराठी.

गंगा तलाव हे ज्वालामुखीच्या मुखात साचलेलं तळं आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर. हजारो किलोमीटर समुद्राखालून गंगा तिथवर चढत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्रियोले गावच्या एका पुजाऱ्याला या तळ्याचा दृष्टान्त झाला आणि महाशिवरात्रीची यात्रा सुरू झाली. खरं गंगाजल त्यात १९७२ मध्ये भारतातून नेऊन ओतलं. मुलूख सुटलेल्या मजुरांनी परक्या मातीत स्वतःचं तीर्थ उभं केलं, आजही लोक कावड खांद्यावर घेऊन तिथे चालत जातात. मला ही हकिकत भुयारी गंगेपेक्षा कितीतरी मोठी वाटते.

आणि भूगर्भातलं नातं शोधायचंच असेल तर ते आपल्या सह्याद्रीशी आहे. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्रोतातून सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा काळा कातळ ओतला गेला, त्याच स्रोतावर सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस उगवलं. शेजारच्या रियुनियन बेटावर तो अजून धगधगतो.

राहिली भाषा. घराघरांत, बाजारात बोलली जाते ती क्रिओल, फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली. संसदेचं कामकाज इंग्रजीत, वर्तमानपत्रं मुख्यतः फ्रेंच. हिंदू निम्म्याच्या आसपास आहेत. उरलेल्यांत ख्रिस्ती, मुसलमान, चिनी वंशाचे लोकही आले. २०१४ मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलेला सेगा हा नाचगाण्याचा प्रकार गुलामांच्या वस्त्यांत जन्मला, २०१६ मध्ये गेलेली गीत-गवई ही लग्नगीतांची परंपरा भोजपुरी लग्नघरांत. दोन्ही मॉरिशसचीच. तिथल्या मराठी कुटुंबांनीही कोकणातली जाखडी ही नाचगाण्याची कला टिकवली आहे, आणि गणेश चतुर्थीला तर देशभर सार्वजनिक सुट्टी असते. आरती मराठीत होते, प्रसाद वाटताना गप्पा क्रिओलमध्ये रंगतात.