वहिनीचं उत्पन्न शून्य कसं?

माझ्या वहिनीच्या अपघाताचा क्लेम कोर्टात चालू आहे. मागच्या तारखेला दादाचा उलटतपास झाला. विमा कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "तुमची पत्नी काही कमवत नव्हती, हे खरं आहे ना?" दादा बराच वेळ गप्प राहिला आणि मग एवढंच म्हणाला, "नोकरी करत नव्हती."

त्या दिवसापासून हे लिहायचं डोक्यात होतं.

वहिनी गेली ती सकाळी डेअरीत दूध घालून परत येताना. मागून डंपरनं ठोकलं. घटनास्थळ पंचनाम्यात पोलिसांनी नोंद केलीय: चेपलेली स्कूटी, एक चप्पल, झाकण नसलेली स्टीलची रिकामी किटली. गोठ्यात दोन म्हशी. पहाटेचं शेणघाण, वैरण, धार, दूध घालणं, सगळं तिच्याकडे. त्यानंतर मुलांचे डबे, आईची औषधं, भांगलणीच्या दिवसात रानात बायकांबरोबर दिवसभर. पण डेअरीचं खातं दादाच्या नावावर, दहा दिवसांचं बिल दादाच्या बँकेत. कागद बघितला तर म्हशी दादाच्या, दूध दादाचं, पैसे दादाचे. ती किटली घेऊन जाणारी बाई मात्र 'गृहिणी, उत्पन्न नाही'.

आणि हे कायद्याला धरून आहे असंही नाही. 1989 साली जमशेदपूरला आगीत माणसं गेली, त्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं 2001 मध्येच गृहिणींच्या कामाची किंमत महिना 3,000 रुपये धरली होती. पुढे 5 जानेवारी 2021 च्या निकालात त्याच कोर्टानं स्पष्ट सांगितलं की गृहिणीचं उत्पन्न धरायचंच, आणि त्यावर भविष्यातली वाढसुद्धा द्यायची. दिल्लीत अपघातात गेलेल्या नवरा-बायकोच्या मुलींचं ते प्रकरण. हायकोर्टानं 22 लाखांवर आणलेली भरपाई सुप्रीम कोर्टानं 33 लाख 20 हजार केली. निकालात 2019 च्या सरकारी पाहणीचा आकडा आहे: घरकामाला बाई दिवसाला सरासरी 299 मिनिटं देते, पुरुष 97. म्हणजे बाईचे पाच तास! आमच्याकडे तर गोठ्याचंच तेवढं होत असेल.

उत्पन्न किती धरलं जातं याला एवढं महत्त्व का, तर पुढचा सगळा हिशोब त्यावर उभा असतो. वहिनी 38 वर्षांची होती. समजा कोर्टानं महिना 9,000 धरले. पक्की नोकरी नसलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसाला सुप्रीम कोर्टाच्या 2017 च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे भविष्यातली 40 टक्के वाढ, म्हणजे 12,600. वर्षाचे 1,51,200. मागे नवरा आणि दोन मुलं, म्हणून तिचा स्वतःचा खर्च एक तृतीयांश वजा. उरले 1,00,800. मग वयावरून ठरलेल्या आकड्यानं, म्हणजे गुणकानं, वर्षाच्या रकमेला गुणतात; तिच्या वयाला तो 15. झाले 15 लाख 12 हजार. तेच महिना 5,000 धरले तर 8 लाख 40 हजार. "काही कमवत नव्हती ना?" हा प्रश्न उगाच विचारलेला नसतो. त्या एका 'हो'मध्ये माझ्या भाचीचं कॉलेज जातं.

कोर्टातलं एकवेळ समजू शकते, तो त्यांचा धंदा आहे. भावकीतलं जास्त लागलं. तेराव्याच्या जेवणावळीतच एकजण म्हणाले, "मेलेल्या माणसाचे पैसे घेऊन काय करणार?" दुसरे म्हणाले, "ड्रायव्हर गरीब आहे, पोराबाळांचा आहे, सोडून द्या." अहो, पैसे ड्रायव्हरच्या घरातून येत नाहीत. प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो ह्याचसाठी, आणि डंपरच्या मालकानं त्याचा हप्ता भरलेला आहे. आणि त्याच आठवड्यात मालकाचा माणूस दीड लाख रोख आणि टाईप केलेला कागद घेऊन दारात आला, तेव्हा हेच लोक म्हणत होते, घ्या आणि मिटवून टाका. रोख घेतलेले चालतात, कोर्टातून हक्कानं मागितलेले पाप?

दादानं सही केली नाही. मला त्याचा अभिमान आहे.

ज्यांच्यावर ही वेळ आलीय त्यांच्यासाठी दोन गोष्टी. 1 एप्रिल 2022 पासून क्लेम टाकायला अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे, वर्षश्राद्ध होऊ दे मग बघू असं करू नका. अपघात कुठंही झालेला असो, तुम्ही राहता तिथल्या मोटार अपघात न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. फौजदारी केस वेगळी, ती संपायची वाट बघायला लागत नाही. ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही तरी सरकारी योजनेतून मृत्यूसाठी 2 लाख मिळतात, पूर्वी ते फक्त 25,000 होते.

आणि पुरावा. वहिनीच्या नावावर एकच कागद निघाला, बचत गटाचं पासबुक. त्यात दर महिन्याची बचत आहे आणि म्हशीसाठी घेतलेल्या कर्जाचा प्रत्येक हप्ता आहे. डेअरीच्या सचिवांनीही साक्ष द्यायची कबूल केलीय की दूध रोज तीच घालायची. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, ह्या दोन गोष्टींवर आपण लढू.

म्हणून गावाकडच्या माझ्या सगळ्या भावांना सांगते, उद्याच डेअरीत जा आणि खातं बायकोच्या नावावर करा, निदान दोघांच्या. काम ती करते तर बिलावर नाव तिचं असू दे. ती ठणठणीत असताना करा.

कुणाच्या घरी क्लेम टाकायचा की नाही यावरून वाद चालू असेल तर मला मेसेज करा. कुठले कागद लागतात ते सांगते, हवं तर दादाशी बोलणं करून देते. पुढची तारीख सचिवांच्या साक्षीची आहे, तिथं काय होतं तेही इथंच लिहीन.