आडनाव क्रॉस, गाव पोर्ट ऑफ स्पेन

पोर्ट ऑफ स्पेन म्हटलं की आमच्या घरात अजून १९७१ निघतं. वाडेकरांची टीम, वेस्ट इंडिजवरचा पहिलावहिला विजय, नवखा गावसकर. त्या बेटांवर क्रिकेटखेरीज आणखी काही घडलं असेल, असा विचार मीही कधी केला नव्हता. मग उल्रिक क्रॉस हे नाव वाचनात आलं.

हे गृहस्थ त्याच पोर्ट ऑफ स्पेनचे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात नॅव्हिगेटर, म्हणजे विमानाचा मार्ग आखणारे होते. विमान मॉस्किटो, म्हणजे लाकडी सांगाडा आणि आत दोनच माणसं. पन्नास मोहिमा झाल्यावर वरिष्ठ म्हणाले, आता पुरे. यांनी आणखी तीस केल्या. डीएसओ आणि डीएफसी ही दोन्ही शौर्यपदकं मिळाली, पुढे त्रिनिदादमध्ये न्यायाधीश झाले.

कॅरिबियनमधून असे साधारण पाचशे जण विमानात बसून लढले. स्वखुशीने, हे महत्त्वाचं. कारण १९३९च्या ऑक्टोबरपर्यंत हवाई दलाचं दार काळ्यांना बंदच होतं. शुद्ध युरोपीय वंशाचेच हवेत, असा नियम. युद्ध पेटलं, माणसं लागणार हे दिसलं, तेव्हा नियम उठवला. तोही युद्धापुरता! कामापुरता मामा म्हणतात तो हाच.

तरी पोरं गेली. जमैकाच्या बिली स्ट्रॅकन यांनी सायकल आणि सॅक्सोफोन विकून बोटीचं भाडं जमवलं. बॉम्बर कमांडच्या, म्हणजे हवाई दलाच्या बॉम्बफेकी शाखेच्या, सुमारे सव्वा लाख विमानसैनिकांपैकी ५५,५७३ मेले. तिथे जायला पदरचे पैसे! स्ट्रॅकननी आधी गनर, म्हणजे विमानातले तोफची म्हणून तीस मोहिमा केल्या, मग पायलट झाले. एकदा दाट धुक्यात बॉम्बने भरलेलं विमान वर नेताना त्यांनी इंजिनिअरला विचारलं, लिंकन गावचं उंच कॅथीड्रल टळलं ना? तो म्हणाला, बाहेर बघा, आत्ताच शेजारून गेलं. तिथेच त्यांचा धीर सुटला. बॉम्ब समुद्रात टाकून ते परतले. पदकांच्या यादीपेक्षा ही गोष्ट मला जास्त काही सांगते.

आता माझा मुद्दा. ‘इतिहास यांना विसरला’ असं लिहायची एक पद्धत आहे. मला ते फार सोयीचं वाटतं. जणू कुणाच्या हातून चुकून राहून गेलं. क्रॉस, स्ट्रॅकन, ग्रँट, ब्लेअर ही या विमानसैनिकांची नावं एकदा मोठ्याने वाचा. यात काळा माणूस दिसतो का? ही आडनावं गुलामगिरीच्या काळापासून चालत आलेली, बहुतेकदा मालकांचीच. हवाई दलाच्या नोंदींत वंशाचा रकाना नव्हता. आणि बेटांवरून गोरेही भरती झाले होते, म्हणजे जन्मगावावरूनही छडा लागत नाही. आपल्याकडे आडनाव कळलं की समोरच्याची अख्खी कुंडली मांडून मोकळे होतो. इथे आडनावानेच माणूस झाकला. १९४० साली भारतातून २४ वैमानिक ब्रिटनला गेले, त्यांतले महिंदर सिंग पुज्जी यादीत चटकन दिसतात. इंग्लंडमधल्या ग्रेव्हसेंडला त्यांचा पुतळाही आहे.

म्हणजे भरतीच्या दारात वंश काटेकोर बघायचा आणि हजेरीपटावर मात्र लिहायचा नाही. हा निव्वळ विसराळूपणा म्हणायचा?

गयानाचे साय ग्रँट लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानाचे नॅव्हिगेटर. जून १९४३मध्ये त्यांचं विमान हॉलंडवर पाडलं गेलं, ते युद्धकैदी झाले. जर्मनांनी त्यांचा फोटो नाझी पक्षाच्या वर्तमानपत्रात छापला. खाली ओळ होती: वंश अनिश्चित असलेला ब्रिटिश हवाई दलातील सैनिक. युद्धानंतर ते बॅरिस्टर झाले, पण वकिली मिळेना, म्हणून नट आणि गायक झाले. म्हातारपणी एका डच माणसाला हाताशी धरून त्यांनी कॅरिबियन विमानसैनिकांची नावं इंटरनेटवर एकेक करून गोळा करायला घेतली. सरकारी रकान्यात जे नव्हतं, ते असं हाताने भरत बसले.

आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी शीर्षक दिलं ते त्या फोटोखालच्या ओळीचंच.