परवानगी मागण्यात गेलेली तेवीस वर्षं

आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या लायब्ररीत एक फोटो पाहिला होता. बर्लिनचं राइशटाग, म्हणजे जर्मनीचं संसदभवन, पायथ्यापासून बुरुजांपर्यंत रुपेरी कापडात गुंडाळलेलं आणि निळ्या दोरांनी आवळलेलं. सुंदर वाटलं, पण एवढा खटाटोप कशासाठी ते कळलं नाही. ख्रिस्तो आणि जाँ-क्लोद या नवरा-बायकोचं हे काम. पुढे त्यांच्याबद्दल वाचत गेले तेव्हा लक्षात आलं, मला सगळ्यात भावलेला भाग त्या फोटोत नाहीच.

कल्पना १९७१ सालची. तेव्हा ही वास्तू पश्चिम बर्लिनच्या अगदी टोकाला, शहर दुभागणाऱ्या बर्लिन भिंतीला लागून उभी होती. १९३३ची आग आणि महायुद्ध सोसलेली. डागडुजी झाली होती, पण पश्चिम जर्मनीची संसद भरायची बॉनला. १९७७, १९८१, १९८७ असा तीनदा नकार आला. मग भिंत पडली, देश एक झाला आणि संसदेच्या अध्यक्ष रीटा झ्युस्मुथ यांनी विषय उचलून धरला. हे दोघं बॉनमध्ये एकेका खासदाराला गाठून समजावत फिरले. २५ फेब्रुवारी १९९४ला संसदेत तासाभराहून जास्त चर्चा झाली. बाजूने २९२ मतं, विरोधात २२३, तटस्थ ९. चॅन्सेलर हेल्मुट कोल विरोधात होते. त्यांच्याच पक्षाच्या वोल्फगांग शॉयब्ल यांचं म्हणणं असं, की राष्ट्राच्या प्रतीकांनी माणसं जोडावीत, याने फूट पडेल. मला ते पटत नाही. पण ही शंका भर सभागृहात मांडली गेली, तिला उत्तर दिलं गेलं आणि मग मोजणी झाली, याचं मोल मला त्या कापडाहून जास्त वाटतं.

जून १९९५मध्ये गिर्यारोहकांनी वरून कापड सोडलं. एक लाख चौरस मीटर कापड, पंधरा किलोमीटरहून जास्त दोर. नक्षीकाम झाकलं गेलं आणि इमारतीचा नुसता आकार उरला, वाऱ्याने हलणारा. दोन आठवड्यांत सुमारे ५० लाख लोक आले. सरकारचा एक पैसा नाही, प्रायोजक नाही; खर्च ख्रिस्तोची रेखाटनं विकून भागवला.

ख्रिस्तो मूळचा कम्युनिस्ट बल्गेरियातला. तिथे कलाशाळेतल्या मुलांना ओरिएंट एक्स्प्रेसच्या रुळांलगतच्या गावांत पाठवत. परदेशी प्रवाशांना खिडकीतून देश भरभराटीचा दिसावा म्हणून गंजी कशा रचायच्या, यंत्रं कुठे उभी करायची, हे शेतकऱ्यांना सांगायला. ही आठवण त्यानेच सांगितलेली. शेत शेतकऱ्याचं, आणि देखावा सत्तेला हवा तसा. हे वाचलं आणि पुढचं सगळं मला वेगळंच दिसायला लागलं.

कारण कॅलिफोर्नियात या दोघांनी टेकड्यांवरून जवळजवळ ४० किलोमीटर लांबीचं पांढऱ्या कापडाचं कुंपण घातलं, १९७६ साली, फक्त १४ दिवसांसाठी, तेव्हा ५९ पशुपालकांकडे जाऊन त्यांची संमती घेतली. १८ जाहीर सुनावण्या झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, पर्यावरणावरचा ४५० पानांचा अहवाल झाला. विरोध करणारेही या कामाचाच भाग आहेत, असं ते मानत. एक गोष्ट मात्र मला आजही खटकते. समुद्रात उतरणाऱ्या शेवटच्या तुकड्याची परवानगी अडकली होती, तरी त्यांनी तो उभारला. इतकी वर्षं लोकांची दारं ठोठावणाऱ्या माणसांनी तिथेही थांबायला हवं होतं.

नंतर कापड आणि खांब त्या पशुपालकांनाच दिले. पण माझ्या मनात घर करून बसली आहे ती तिथल्या एका सुनावणीत बोललेली बाई, त्यांच्यातल्याच एका घरातली. थोड्याच दिवसांत काढून टाकायचं ते कला कसं, असा वाद चालला होता. ती उठून म्हणाली, मी कधीकधी खूप मेहनत घेऊन स्वयंपाक करते, माझ्या मते ती कलाच असते, आणि मग ते सगळं खाऊन संपतं.