मी न पाहिलेले गोल

नायजेरियाच्या महिला फुटबॉल संघाचे, म्हणजे सुपर फाल्कन्सचे, जे जे गोल गेल्या दोन-तीन वर्षांत गाजले, त्यांपैकी एकही मी होत असताना पाहिलेला नाही, हे सुरुवातीलाच कबूल करून टाकतो. याचा अर्थ मी सामने पाहत नाही, असा कोणी काढू नये. मी कोल्हापूरचा आहे. ज्या गावात पेठेपेठेच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवरच्या सामन्याचा निकाल मंडईत वांगी निवडत असतानाही कानावर पडतो, त्या गावचा माणूस नोकरीसाठी लागोसला आला म्हणून फुटबॉल सोडत नसतो. सामने मी लावतो, खुर्चीत बसतो, शेंगदाण्यांची वाटीही शेजारी घेतो. फक्त गोलाच्या वेळी वीज जाते.

भारनियमनात वाढलेल्या मराठी माणसाला वीज जाण्याचे कौतुक सांगू नये, हे मला मान्य आहे. परंतु आपल्या भारनियमनाला निदान वेळापत्रक असे आणि ते पाहून गिरणीत दळण टाकता येत असे. लागोसच्या इकेजा भागातल्या आमच्या गल्लीत वीज ही पाहुण्यासारखी येते, न कळवता येते आणि चहा होण्याच्या आत उठते. ती आली की आजूबाजूच्या सगळ्या घरांतून, विशेषतः पोरांच्या तोंडून, ‘अप नेपा!’ अशी आरोळी उठते. नेपा हे इथल्या जुन्या सरकारी वीज मंडळाचे नाव. ते मंडळ जाऊन वीस वर्षे झाली, त्याच्या जागी आलेले महामंडळही मोडून खाजगी कंपन्या झाल्या, पण जी पोरे त्या मंडळानंतर जन्मली तीही त्याचाच जयजयकार करतात. माझ्या सहा वर्षांच्या मुलाला पहिली दोन वाक्ये बोलता आली ती ‘आई, भूक’ आणि ‘अप नेपा’.

आता या संघाविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण तो साधासुधा असता तर गोल चुकल्याचे एवढे दुःख झाले नसते. महिलांचा विश्वचषक १९९१ मध्ये चीनमध्ये सुरू झाला, तेव्हापासून २०२३ पर्यंतच्या नऊच्या नऊ स्पर्धांत नायजेरियाच्या मुली खेळल्या आहेत. पुरुषांच्या संघाला, म्हणजे सुपर ईगल्सना, २०२२ मध्ये पात्रताही साधली नाही. तरीही ईगल्सचा सामना असला की चौकातला केशकर्तनालयवाला टीव्ही रस्त्यावर मांडतो आणि त्याचा जनरेटर दुपारपासूनच धूर सोडू लागतो. फाल्कन्सचा सामना असला की तोच गृहस्थ ‘आज पेट्रोल नाही’ म्हणतो. गरुडासाठी मिळणारे पेट्रोल ससाण्यासाठी का मिळू नये, असे मी त्याला एकदा विचारले होते. त्याने माझ्या डोक्याकडे पाहिले आणि यावेळी कानावरचे केस जास्त कापले.

माझ्या हुकलेल्या गोलांची मालिका २०२३ च्या विश्वचषकापासून सुरू होते. यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना ब्रिस्बेनला रात्री होता, म्हणजे आमच्याकडे गुरुवारी सकाळी अकराला, ऐन कचेरीत. मी फोन टेबलाच्या खणात ठेवून खण चार बोटे उघडा ठेवला होता. मध्यंतरानंतर बरोबरी असताना कचेरीचा पुरवठा जनरेटरवर घेण्याची वेळ आली, इंटरनेटच्या डबीवरचे दिवे विझले, आणि ते पुन्हा लागेपर्यंत ओहालेचा एक व ओशोआलाचा एक असे दोन गोल होऊन गेले होते. आमच्या कचेरीतला शिपाई इकोरोडूचा, आणि असिसात ओशोआलाही इकोरोडूची. त्यामुळे तो गोल त्याने स्वतःच मारल्याच्या थाटात तो तीन टेबलांवरून अभिनंदन स्वीकारत फिरला. ओशोआलाने अंगातली जर्सी काढून आनंद साजरा केला आणि पिवळे कार्ड ओढवून घेतले, हे मी संध्याकाळी छायाचित्रात पाहिले. नायजेरियाने सामना ३–२ असा जिंकला.

म्हणून इंग्लंडविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्याला मी चक्क रजा घेतली. त्या सोमवारी सकाळी विजेने कमाल केली. ती राहिली. पूर्ण नव्वद मिनिटे राहिली, जादा वेळेची तीस मिनिटेही राहिली, आणि त्या एकशे वीस मिनिटांत दोन्हीपैकी एकाही संघाने गोल केला नाही. लॉरेन जेम्सने खाली पडलेल्या मिशेल अलोझीच्या पाठीवर पाय दिला आणि तिला लाल कार्ड मिळाले, एवढे मात्र मी स्वतःच्या डोळ्यांनी, पूर्ण उजेडात पाहिले. पेनल्टींसाठी खेळाडू मध्यरेषेवर रांगेत उभ्या राहिल्या, आणि टीव्ही गेला. इंग्लंड ४–२ असे जिंकल्याचे खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी जिन्यातून ओरडून सांगितले. या आजीबाईंना सारे कंपाउंड ‘मामा’, म्हणजे आई, म्हणते. फुटबॉलमधले त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते, कारण १९९९ च्या विश्वचषकात मध्यंतरापर्यंत ब्राझीलकडून ०–३ ने मागे पडलेल्या फाल्कन्सनी ३–३ अशी बरोबरी केली आणि मग जादा वेळेतल्या एका गोलाने त्या हरल्या, तो सामना त्यांनी पाहिलेला आहे. त्या वर्षी लागोसला वीज होती का, असे विचारल्यावर त्या फक्त हसतात.

२०२५ च्या जुलैत मोरोक्कोमध्ये आफ्रिकेची अजिंक्यपद स्पर्धा झाली. नायजेरियाने आधी नऊ वेळा हा चषक जिंकलेला होता, म्हणून या मोहिमेला ‘मिशन एक्स’ असे नाव दिले होते, एक्स म्हणजे रोमन दहा. उपान्त्यपूर्व फेरीत झांबियाला पाच गोल मारले गेले, तेव्हा मी एका लग्नाच्या मांडवामुळे बंद झालेल्या रस्त्यात गाडीत अडकलो होतो. ते पाच एकगठ्ठा हिशेबात धरतो. उपान्त्य सामना दक्षिण आफ्रिकेशी होता. १–१ अशी बरोबरी, सामना संपत आलेला, आणि वीज गेली. मी मागच्या अंगणात धावलो आणि जनरेटरची दोरी ओढू लागलो. सहाव्या ओढीला गल्ली अशी गरजली की वीज आली असे समजून मी दोरी सोडून दिली. वीज आली नव्हती. भरपाई वेळेत अलोझीने लांबून उचललेला चेंडू सगळ्यांना चुकवून थेट जाळ्यात गेला होता. ही अलोझी येल विद्यापीठात शिकलेली आणि कर्करोगाच्या संशोधनाच्या प्रयोगशाळेत काम केलेली मुलगी आहे. मला सहा ओढींत एक जनरेटर सुरू करता आला नाही, हे या संदर्भात फारच लागले.

अंतिम सामना शनिवारी, २६ जुलैला, रबातला, रात्री नऊ वाजता यजमान मोरोक्कोशी होता. या वेळी मी काहीही नशिबावर सोडले नाही. सकाळीच पंपावर जाऊन दहा लिटर पेट्रोल आणले. २०२३ च्या मे महिन्यात अनुदान काढून घेण्यापूर्वी हे पेट्रोल लिटरला दोनशे नायरांच्या आत मिळत असे, तेव्हा ते नऊशेच्या आसपास पोहोचले होते, त्यामुळे कॅन मी तूप आणावे तसा दोन्ही हातांनी धरून आणला. दुपारी जनरेटरचा स्पार्क प्लग काढून त्यावरची काजळी दाढीच्या जुन्या पात्याने खरवडली आणि तेल तपासले. संध्याकाळी वीज गेलेलीच होती, त्यामुळे ती जाण्याची चिंताही मिटली. कंपाउंडमधल्या बाकीच्यांकडे एकतर पेट्रोल नव्हते किंवा जनरेटर बिघडला होता. पावणेनऊला आमच्या दिवाणखान्यात अकरा माणसे, मामांची स्वतंत्र खुर्ची आणि जोलोफ भाताचे एक पातेले येऊन दाखल झाले. सौभाग्यवतींनी कांदाभजी केली. ती सर्वांनी ‘अकारा’, म्हणजे इथली चवळीची भजी, म्हणून खाल्ली आणि कांदा जरा जास्त झाल्याचे सांगितले.

बाराव्या मिनिटाला मोरोक्कोच्या कर्णधार गिझलान शेबाकने गोल केला. चोविसाव्या मिनिटाला दुसरा झाला. हे दोन्ही गोल मी स्पष्ट, सुंदर, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या कोनांतून पाहिले. चित्र इतके स्थिर होते की चेंडूवरची शिवण दिसावी. मध्यंतरात खोलीत कोणी बोलेना. मग मामांनी खुर्ची वळवली आणि मला विचारले, “ओगा, ऑस्ट्रेलियाच्या मॅचला आपले गोल झाले तेव्हा तू काय पाहत होतास?” मी खरे ते सांगितले. “आणि मंगळवारी, अलोझीच्या गोलाच्या वेळी?” मी म्हणालो, जनरेटरपाशी होतो. “आणि इंग्लंडच्या वेळी तू पूर्ण मॅच पाहिलीस.” मी मान हलवली. खोलीतल्या अकरा माणसांनी माझ्याकडे पाहिले, आणि मी बायकोकडे पाहिले. “अहो,” ती मराठीत म्हणाली, “बाई म्हणतात त्यात तथ्य आहे.”

मी विज्ञानाचा पदवीधर असल्यामुळे जागचा हललो नाही. परंतु साठाव्या मिनिटाच्या सुमारास जनरेटरने उचकी दिली, दिवे मंदावले, आणि मला खाली जावेच लागले. आमच्या जनरेटरच्या चोकची दांडी थरथरीने आपोआप सरकते आणि इंजिन गुदमरू लागते. ती बोटाने धरून ठेवली की यंत्र मजेत चालते, सोडली की पुन्हा उचकी. मी पत्र्याखाली उकिडवा बसून दांडी धरली. त्या आवाजात शेजारी तोफ उडाली असती तरी ऐकू आली नसती. एवढ्यात डोक्यावरच्या छपरावर काहीतरी पडले. वर पाहिले तर स्वयंपाकघराच्या खिडकीत माझा मुलगा उभा होता. त्याने बांगडी फेकून माझे लक्ष वेधले होते आणि आता तो एक बोट दाखवत होता. एस्थर ओकोरोंक्वोने पेनल्टीवर गोल केला होता.

मी दांडीला काडी बांधून वर जाण्याचा विचार करीत होतो, तोच जिन्यावरून वॉचमन धावत आला आणि निरोप देऊन गेला, की मामांनी मला तिथेच बसायला सांगितले आहे. बायकोनेही अनुमोदन दिल्याचे त्याने हातवाऱ्यांनी सांगितले. सातच मिनिटांनी खिडकीत दोन बोटे दिसली. फोलाशादे इजामिलुसीचा तो गोल. मग बराच वेळ खिडकी रिकामी होती, आणि नंतर मुलाने दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढला. आधी मला वाटले, टीव्ही फुटला. पुढे उलगडा झाला तो असा, की मोरोक्कोला पेनल्टी दिली गेली होती आणि पंच मैदानाकाठच्या पडद्यावर तो निर्णय तपासत होत्या. तो निर्णय फिरला, हे मुलाने नाचून सांगितले. माझे बोट एव्हाना भाजू लागले होते, म्हणून मी रुमालाची घडी करून दांडीवर ठेवली. डासांनी पायांची तर दखल घेतलीच होती. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला, ओकोरोंक्वोच्या फ्री किकवर जेनिफर एचेगिनीने तिसरा गोल केला, तेव्हा मुलाला तीन बोटे दाखवण्याचेही भान राहिले नाही. तो खिडकीतून गायब झाला आणि वरच्या फरशीवर अकरा माणसांनी एकदम उड्या मारल्यामुळे माझ्या डोक्यावर चुन्याचा बारीक सडा पडला. निकाल मला त्या चुन्याने कळवला.

३–२. दहावा चषक. निळ्या केसांची कर्णधार रशीदात अजिबादे स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली, आणि तिने चषक उंचावला तेव्हाही मी दांडी धरून होतो, कारण सोहळा संपेपर्यंत जनरेटर बंद पडू न देण्याची ताकीद होती.

सोमवारी राजधानी अबुजाला राष्ट्राध्यक्षांनी संघाचे स्वागत केले आणि प्रत्येक खेळाडूला एक लाख डॉलर किमतीचे नायरा व तीन शयनगृहांचे घर जाहीर केले. मामांना या जाहीर करण्याचे फारसे अप्रूप वाटले नाही. २००४ मध्ये चषक जिंकूनही याच संघाला दक्षिण आफ्रिकेतल्या हॉटेलात बक्षिसाच्या पैशांसाठी तीन दिवस अडून बसावे लागले होते, आणि २०१६ मध्ये जिंकलेल्या मुली पैसे मिळेनात म्हणून अबुजात थेट संसदेवर मोर्चा घेऊन गेल्या होत्या, हे त्या विसरलेल्या नाहीत. “पैसे हातात पडले की ‘अप नेपा’ म्हणू,” असे त्या म्हणाल्या.

मी मात्र त्या आठवड्यात नवा इन्व्हर्टर घेण्याचे ठरवले आणि जुना जनरेटर विकायला काढला. गिऱ्हाईक आलेही. भाव ठरत असताना मामा काठी टेकत मागच्या अंगणात आल्या, त्यांनी गिऱ्हाइकाला योरुबामध्ये काहीतरी सांगितले आणि तो मनुष्य माझ्याकडे आदराने पाहत निघून गेला. पुढचा विश्वचषक २०२७ मध्ये ब्राझीलला आहे, सामने आमच्याकडे रात्री उशिरा येतील, तेव्हा चोकच्या दांडीला एखादे कापड गुंडाळून ठेव, असे त्यांनी मला बजावले.