बसणार कोण?

आरामखुर्चीचं कापड फाटलं होतं, एवढंच. नवं कॅनव्हास शिवून आणायचं, दोन्ही टोकांच्या नेफ्यांतून दांडे सरकवायचे, संपलं. पण ताडपत्रीवाल्याने मापाच्या आधी विचारलं, "बसणार कोण?"

"मी."

त्याने मला वरून खाली पाहिलं आणि आतल्या कारागिराला ओरडून सांगितलं, "डबल शिलाई!"

पावसाळ्याच्या तोंडावर दुकानात ही गर्दी. स्कूटरला कव्हर शिवायला आलेले एक काका स्टुलावर बसले होते. त्यांना एकदम हुरूप आला. "नव्वद असेल, नाही?" हे त्यांनी मला नाही, दुकानदाराला विचारलं.

"पंच्याऐंशी," दुकानदार.

"छे! पोट बघा."

प्लॅस्टिक घ्यायला आलेल्या एका बाईंनीही मान तिरकी करून अंदाज घेतला. मग काकांच्या साडूची गोष्ट निघाली. साडू "अगदी तुमच्याच अंगाचा". कॅनव्हासच्या खुर्चीत बसला, मागची आडवी दांडी खाचेतून निसटली, बोट सापडलं, आणि त्याही अवस्थेत हातातला चहा म्हणे सांडला नाही. इथे काकांनी प्रात्यक्षिक म्हणून मागे रेलून दाखवलं. स्टुलाला पाठ नसते. तरी पडले नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं.

"तुम्ही फायबरची घ्या," सावरत काका म्हणाले.

सगळे हेच सांगतात. अहो, आपल्याच उत्तराखंडातल्या रुरकीच्या नावाची कॅनव्हासची खुर्ची आहे! इंग्रजी फौजेसाठी केलेली. सांध्यांना खिळा नाही, स्क्रू नाही, सुटी करून गुंडाळायची, उंचसखल जमिनीवरही चारही पाय टेकतात. डेन्मार्कचे फर्निचर डिझायनर कोरे क्लिंट यांनी १९३३ साली त्याच घडणीवर आपली सफारी खुर्ची केली. आणि आमच्याकडे साधं कापड बदलायला गेलं की माणसाचा लिलाव.

बरं, शिवलं तेही लांब. बसलो की बूड थेट फरशीला, गुडघे कानांशी, पुढची दांडी मांड्यांत रुतलेली. बायकोने हात दिल्याशिवाय उठता येत नाही, आणि ती आधी हसून घेते.

तक्रार घेऊन गेलो तर दुकानदार म्हणतो, "कापड ताणलं. वजन कुठे सांगितलं होतंत?" आखूड करायचे पैसे वेगळे. निदान मापाला दिलेलं जुनं कापड तरी दे म्हटलं, तर त्यातला चांगला तुकडा त्याने काकांच्या स्कूटरच्या कव्हराला आतून लावून दिला होता. फुकट.