पार्सफ्लोट गप्प बसतं, घोळ तिथंच होतो

'मजकुरातून आकडा काढायला जावास्क्रिप्टचं पार्सफ्लोट पुरेसं आहे, शेपटीला किलो असलं तरी चालतं' हे मजकुरातून आकडे वाचण्यावरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. (जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा, पार्सफ्लोट हे तिचं आकडा वाचणारं फंक्शन.) कोल्हापुरात गळीत हंगामात ऊस वाहतूकदारांच्या वजनकाट्याच्या पावत्यांचा हिशेब मी स्क्रिप्टनं करतो. पावतीतली ओळ अशी असते: 'भरलेले 18,450 रिकामे 6,320 निव्वळ 12,130 किलो'. यातले आकडे एकेक करून दिले तर पार्सफ्लोट स्वल्पविरामापाशी थांबतं आणि 18, 6, 12 देतं. एरर नाही, काही नाही. वर 18 मधून 6 गेले की 12 उरतात, म्हणजे ताळासुद्धा जमतो! बारा टनांची खेप बारा किलोची होते आणि कुणाला पत्ता लागत नाही. पायथन या दुसऱ्या भाषेतलं फ्लोट हे फंक्शन अशा वेळी सरळ व्हॅल्यूएरर, म्हणजे चुकीचा संदेश, देतं, ते शंभर पटीनं बरं.

स्वल्पविराम काढतानाही जपून. जावास्क्रिप्टच्या रिप्लेसला (मजकुरातलं काही बदलणारं फंक्शन) शोधायला साधी स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, दिली तर फक्त पहिलाच स्वल्पविराम जातो. 1,25,000 चं 125,000 होतं आणि पार्सफ्लोट 125 देतं. आपल्या लाख-हजाराच्या लिखाणात हे हमखास होतं, म्हणून सगळे स्वल्पविराम काढणारं रिप्लेसऑल वापरा. किलो वगैरे आधीच छाटून टाका आणि मग जावास्क्रिप्टचं 'नंबर' हे फंक्शन वापरा. काही भलतंच उरलं तर ते एनएएन, म्हणजे 'हा आकडा नाही' अशी खूण, देतं. फक्त रिकाम्या किंवा नुसत्या मोकळ्या जागेच्या स्ट्रिंगचं ते शून्य करतं, तेवढं वेगळं तपासा. देवनागरी अंकांचा तर लेखात उल्लेखच नाही: '१२१३०' पायथनचं इंट (पूर्णांक वाचणारं फंक्शन) बिनतक्रार वाचतं, जावास्क्रिप्टला ते वाचता येत नाही. मराठी वाचकांसाठीच्या लेखात हे यायलाच हवं होतं.